चव रजिस्टर

ढोमणे मॅडमनी आम्हा दोघींचे गुडघे
एकाच दिवशी दाबून पाहिले.
"पाच किलो उतरवा.
उपाशी राहून उतरवा, नाही तर मोजून खाऊन.
जे निभेल ते. गुडघ्याले फरक नाही पडत."

बेबीनंदानं मोजणं घेतलं.
तिला सोपं होतं, शाळेच्या भिंतीवर रंगवलंच आहे:
पहिली ते पाचवी, चारशे पन्नास कॅलरी.
पोरांना इतकं तरी मिळावं म्हणून लिहिलेलं,
तिनं वाचलं, याच्या वर जायचं नाही.
दीड भाकरीची एक झाली,
जवसाच्या चटणीवर तेलाचे तीन थेंब,
चौथा बाटलीतच.

मी घेतला उपास.
संध्याकाळी सातला ताट पालथं,
मग दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाणी
आणि बिनसाखरेचा काळा चहा.
शेजारीण म्हणे, एकादशी अन् दुप्पट खाशी.
खोटं नव्हतं.
पहिला आठवडाभर बाराच्या ठोक्याला
मी परातीतसुद्धा जेवले असते.

पण खिचडी शिजते साडेदहाला.
एकशे बेचाळीस पोरं,
डोक्यामागे शंभर ग्रॅम तांदूळ,
मोहरी तडतडली की माझ्या पोटात
कुणीतरी कडी वाजवायचं.
आणि नियम असा, की वाढण्याआधी चाखायचं,
रजिस्टरात वेळ, चव, सही.

एका चमच्यानं मोडतो का उपास?
तीन दिवस मी चमचा धरून उभी.
"अवं दे इकडे," बेबीनंदा म्हणाली,
"मी घेतो चव. माझ्या हिशोबात एक चमचा मांडतो."
तिला मीठ कमी लागतं.
गुरुवारी चौथीतली आरुषी धुर्वे ताट घेऊन परत आली,
"काकू, शाळेचं मीठ संपलं का?"

डिसेंबरात घरच्या संत्र्याला ताण दिला.
पाणी बंद, पानं मलूल, बुंध्याशी भेगा.
हे म्हणाले, झाडाले उपाशी ठेवल्याबिगर फूल नाही येत.
मी ते बेबीनंदाला ऐकवलं, जरा तोऱ्यात,
झाड माझ्या बाजूनं बोलतंय म्हणून.
"झाडाले फूल पायजे," ती तांदूळ निवडत म्हणाली.
"तुले का फूल येऊन राह्यलं?"

माझी भूक अकराला उभी राहायची,
आरडायची, साडेअकराला आपोआप बसायची.
तिची नुसती असायची,
चपलेत गेलेल्या खड्यासारखी, सकाळ ते रात्र.
नऊ वाजता तिचा फोन:
झोपली का? नाही. का करतं?
डब्यातली पापडी मले नावानं बोलावून राह्यली.
मग आम्ही पापडी झोपेपर्यंत बोलायचो.

जानेवारीत तिच्या दिराच्या पोरीचं लग्न.
तिचा हिशोब चुकला, माझं घड्याळ.
गोळाभातावर कढत तेल घेताना
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

होळीच्या आधी, पोरं सुटल्यावर,
कोठीचं दार लोटून
तांदळाच्या काट्यावर उभ्या राहिलो.
दिवाळीनंतरचे आकडे दाराआड खडूनं लिहिलेले होते.
मी चार किलो शंभर ग्रॅम उतरले.
ती तीन किलो नऊशे.
"दोनशे गरम," ती म्हणाली. "दोन पोरायचा तांदूळ.
इतकं तर काटाही लबाड बोलते."
म्हणजे सारखंच, म्हणाली.
मी हो म्हटलं.

चार महिन्यांत आम्ही कधीच
एका वेळी एका ताटाशी बसलो नव्हतो,
ते त्या काट्यावर आलं नाही.

सोमवारी बेबीनंदा माहेरी गेली.
दहा पस्तीस. मोहरी, जिरं, हळद.
रांगेत ताटं वाजायला लागलेली.
मी चमचा फुंकला, तोंडात घातला.
अळणी होतं.
मूठभर मीठ टाकलं, ढवळलं,
पुन्हा चाखलं, आणि मग तिसऱ्यांदाही,
जरा भरून.
सही केली.